अकरा नावांचं पाकीट

१

मंगळवारी सकाळी मी लोखंडी कपाट उघडलं, आणि वरच्या कप्प्यात लमीसचं पाकीट नव्हतं.

कपाट कुणी फोडलेलं नव्हतं. कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली नेहमीसारखीच कुरकुरत फिरली होती. खालच्या कप्प्यातल्या जुन्या हस्तलिखितांना कुणी बोट लावलं नव्हतं. फक्त ते एक खाकी, लाखेची मोहर लावलेलं पाकीट तेवढं गेलं होतं. मी रिकाम्या फळीवरून तीनदा हात फिरवला. एकदा कळल्यावर दोनदा आणखी कशाला फिरवला, ते मला विचारू नका.

मी मुन्तहा अबू शकरा. इथे सगळे मला सित् मुन्तहा म्हणतात, म्हणजे मुन्तहाबाई. बैरूतमधल्या आमच्या छोट्या अध्ययन केंद्राची ग्रंथपाल. इथे धर्म आणि जागतिक राजकारण हा विषय घेऊन मुलं एम.ए. करतात, पीएच.डी. करतात. म्हणजे जी गोष्ट आमच्याकडे भाजीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना जन्मतःच कळते, तिच्यावर आम्ही पदवी देतो. एकोणतीस वर्षं मी इथे आहे आणि एवढ्या वर्षांत एक चिठोरं हरवू दिलेलं नाही. गर्व म्हणा हवं तर. आहेच मला.

लमीस आमच्या उत्तरेकडच्या त्रिपोलीची मुलगी. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. शेजारच्या देशात युद्ध चालू असताना सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची माणसं पळवली जात होती, आणि काही धर्मगुरू गुपचूप एकमेकांना भेटून त्यांना परत आणत होते. कुणी शेख, कुणी पाद्री. अशा अकरा जणांशी बोलून तिने प्रबंध लिहिला होता. ते काम अजून चालू होतं. हा माणूस शत्रूच्या मौलवीसोबत किंवा पाद्र्यासोबत जेवायला बसतो हे त्याच्याच गावाला कळलं असतं, तर गावानेच त्याचा निकाल लावला असता. म्हणून प्रबंधात नावं नव्हती, फक्त एक ते अकरा आकडे होते. कुठला आकडा कोण, हे एका कागदावर हाताने लिहिलेलं होतं, आणि तो कागद त्या पाकिटात होता.

मुलाखती बनावट नाहीत याचा पुरावा म्हणून असा कागद केंद्राकडे ठेवायचा, असा आमचा नियम आहे. विद्यार्थ्याने ठेवला नाही किंवा परत काढून नेला, तर प्रबंध रद्द. केंद्राच्याच हातून गेला, तर दोष केंद्राचा आणि विद्यार्थ्याची शपथ पुरेशी. नियमाचा हा दुसरा भाग वाचायची वेळ माझ्या कारकिर्दीत आली नव्हती. गुरुवारी लमीसची तोंडी परीक्षा होती.

मी वर संचालकांना कळवलं आणि तिला बोलावून सांगितलं. ती खुर्चीत बसली नाही, कोसळली.

"सित् मुन्तहा, पदवी गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "मी आईच्या डोक्यावर हात ठेवून त्या माणसांना शब्द दिलाय. तो कागद भलत्याच्या हाती पडला, तर त्यातला कोण कुठल्या दिवशी घरी परतायचा नाही, सांगता येतं का?"

मी तिला पाणी द्यायला उठले आणि मध्येच थांबले. रमजान होता, पोरीचा रोजा होता. तेवढ्यात आमचे संचालक उस्ताज मुनीफ दार ढकलून आत आले. त्यांच्या हातात फाटकावरची किल्ल्यांची वही होती.

"चोर सापडला," ते म्हणाले. "सोमवारच्या पानावर तुमच्यानंतर एकच सही आहे."

२

सही रबीअची होती, लमीसच्याच वर्गातल्या मुलाची. पाच वाजता किल्ली घेतली, इफ्तारच्या अजानला परत केली.

पुढचं सांगण्याआधी घड्याळांचं सांगायला हवं. त्या आठवड्यात आमच्या देशात दोन वेळा चालू होत्या. दर वर्षी मार्चअखेर घड्याळं एक तास पुढे जातात. त्या वर्षी सरकारने आयत्या वेळी ठरवलं, की रोजे चालू आहेत तोवर घड्याळं जागेवरच राहू देत. चर्च म्हणालं, आम्हाला कुणी विचारलं? आणि आपली घड्याळं पुढे केली. मग शाळा, दुकानं, रेडिओ, जो तो आपापल्या बाजूला. जुन्या वेळेत पाच वाजले की नव्या वेळेत सहा. दाताचा डॉक्टरसुद्धा फोनवर आधी विचारायचा, "कुणाचे पाच?" आम्ही दुरूझ पंथाचे, ना इकडचे ना तिकडचे, म्हणून दोन्ही बाजू आम्हालाच कोपऱ्यात घेत. मी सरळ दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधली, एक माझं, एक नवऱ्याचं. तो गेल्यावर त्याची तेवढीच वस्तू मागे राहिली. इथे मी सगळं जुन्या वेळेत सांगते, नाहीतर तुमचंही डोकं फिरेल.

सोमवारी सकाळच्या तासाला यावरच जुंपली होती. उस्ताज मुनीफ सुन्नी आणि वर शिस्तीचे. "देश एक, तर घड्याळ एक," ते म्हणाले. समोर बसले होते अबूना, म्हणजे फादर, सिमआन. सरहद्दीवरच्या एका गावचे मारोनी पंथाचे ख्रिस्ती पाद्री, आणि आमच्याकडे पीएच.डी. करायला आलेले. मोडेन पण वाकणार नाही, असा माणूस.

"माझ्या तोंडून सरकारी तास निघायचा नाही, उस्ताज," अबूना म्हणाले. "शेवटच्या दिवशी खुद्द देवाने वेळ विचारली, तरी मी नवीच सांगेन."

"तोवर देवाने जुनी ठेवली असेल तर?" लमीसने टोला हाणला. त्या दोघांचं रोज वाजायचं. वर्ग हसला.

आणि त्याच तासाला उस्ताज मुनीफांनी सहज जाहीर केलं, की गुरुवारी पाकीट फोडून तिन्ही परीक्षकांना कागदाची एकेक झेरॉक्स देणार. लमीस उभी राहून भांडली. रबीअ, तिचा प्रतिस्पर्धी असूनही, तिच्या बाजूने भांडला. "आपल्या देशात तीन झेरॉक्स म्हणजे दवंडी," तो म्हणाला. उस्ताज ऐकेनात.

दुपारी चार वाजता मी कपाट बंद केलं. पाकीट आत होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. किल्ल्यांचा जुडगा फाटकावरच्या राखणदाराच्या खोलीत खिळ्याला अडकवला, वहीत सही केली आणि घरी गेले. मंगळवारी सकाळी पाकीट नव्हतं. मध्ये वहीत एकटा रबीअ.

"पोलिसांना बोलावतो," उस्ताज मुनीफ म्हणाले.

"बोलवा," मी म्हटलं. "ते पहिल्यांदा लमीसला विचारतील, कागदावर कुणाची नावं होती. मग ती नावं त्यांच्या वहीत लिहितील. पुढे त्या वहीचं काय होईल, ते मी सांगायला हवं का?"

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "गुरुवार सकाळपर्यंत वेळ देतो. नाहीतर रबीअचं नाव मी वरती कळवणार."

३

रबीअ शुऐब मागच्या पायऱ्यांवर बसला होता. नबातियेचा, शिया, सडपातळ, बोलताना नखं कुरतडणारा. रोजा होता म्हणून त्या दिवशी तेही बंद होतं.

"बसू का रे पोरा?" मी विचारलं.

"बसा. माझ्याजवळ बसलेलं कुणी पाहिलं तर तुमचंही नाव जोडतील."

"माझं नाव इतकं जुनं झालंय, की त्याला आता काही चिकटत नाही. खरं सांग, घेतलंस?"

"सित् मुन्तहा, पीएच.डी.ची जागा एक आहे आणि आम्ही दोघं. शिवाय मी नबातियेचा. एवढं पुरतं. दोन वर्षं आम्हाला शिकवतात, माणूस त्याच्या पंथावरून ओळखू नका. आणि खरी परीक्षा आली की मास्तरांसकट सगळे नापास."

"माझ्या प्रश्नाचं उत्तर हे नाही."

"नाही घेतलं." त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "पाचला किल्ली घेतली, वाचत बसलो, अजान झाली तेव्हा गेलो. कपाटाकडे पाठ होती माझी."

"आत गेलास तेव्हा काही वेगळं दिसलं?"

तो लाजला. "सांगितलं तर हसाल. कॉफी होती. तुमच्या टेबलावर, अर्धा कप, कोमट. तेरा तास पोटात पाण्याचा थेंब नाही आणि खोलीभर तुमच्या वेलचीचा घमघमाट! मनात तुम्हाला दोन शिव्या दिल्या, माफ करा. मग नाक दाबून कप धुतला आणि ठेवून दिला."

"कुठे ठेवलास?"

"पाण्याच्या ग्लासांसोबत."

माझा कप मागच्या खोलीत, गॅसच्या शेगडीजवळ, कॉफीच्या डब्यावर पालथा असतो. मी दुपारी बाराला कॉफी घेते, दार लावून, उपाशी पोरांच्या नाकाला त्रास नको म्हणून. कप लगेच धुते आणि डब्यावर पालथा घालते. सोमवारीही घातला होता. आणि मंगळवारी सकाळी, पाकीट गेल्याचं कळायच्याही आधी, तो ग्लासांमध्ये पाहून मी चरफडले होते. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. रबीअ खोटं रचत असता, तर नेमकी ही जागा त्याच्या तोंडात आली नसती.

म्हणजे चार ते पाचच्या मध्ये ग्रंथालयात कुणीतरी होतं. खिळ्यावरची किल्ली सही न करता घेतली, दार उघडलं, निवांत कॉफी करून प्यायलं, आणि पाचच्या आत किल्ली परत अडकवली.

रोजा ठेवणारा माणूस भर दुपारी कॉफी पीत नाही. पण रोजा ठेवल्याचं नुसतं दाखवणारा पितो. आणि आमच्या केंद्रात असा एक माणूस आहे, हे मला फार दिवसांपासून ठाऊक होतं. तो माझा साहेब होता.

४

आधी राखणदार अम्मो तौफीक, सगळ्यांचा काका. त्याला मी विचारलं, तर कपाळावर हात मारून घेतला त्याने.

"चार ते पाच मी बेकरीच्या रांगेत होतो, सित्. रमजानात त्या वेळी नाही गेलं तर घरी गरम रोटी कोण नेणार? रोजच जातो. उस्ताजना सांगू नका."

"किल्ल्या?"

"खिळ्यावर. कोण येतंय उपाशीपोटी पुस्तकं चोरायला?"

म्हणजे तो तास अख्ख्या इमारतीला मोकळा होता. मी वर गेले. उस्ताज मुनीफांच्या खोलीचं दार आतून लावलं.

"काल चार ते पाच तुम्ही कुठे होता?"

"इथे. ऑफिसात."

"आणि कॉफी कुठे प्यायलात?"

उस्ताजांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "हळू बोला, सित् मुन्तहा. कॉफी नाही. आईशपथ, कॉफी नाही." ते उठले, मला मागच्या जिन्याने गच्चीवर घेऊन गेले आणि पाण्याच्या टाकीमागे बोट दाखवलं. सिगारेटच्या थोटकांचा ढीग होता. "मधुमेह आहे, डॉक्टरने रोजा बंद केलाय. बायकोला सांगितलं तर ती रडते, म्हणून सांगितलं नाही. सगळ्यांसमोर ठेवतो आणि इथे येऊन मोडतो. काल चारपासून इथेच होतो."

"कुणी पाहिलं?"

ते उत्तर देणार, तोच समोरच्या बाल्कनीतून आवाज आला. उम्म इली, समोरच्या घरातली इलीची आई, हातात चिमट्यांची टोपली.

"हाच तो! विचारा त्याला! काल माझ्या ओल्या चादरीवर राख उडवली मेल्याने!"

"किती वाजता, उम्म इली?" मी ओरडून विचारलं.

"पाचला! रेडिओवर पाचच्या बातम्या लागल्या नि मी याला पकडला. बातम्या संपल्या, गाणी लागली, तरी सोडला नाही. चांगला पाऊण तास शिव्या हासडल्या."

"पाचला मी सभेत होतो!" उस्ताज घाबरून म्हणाले. "ती बाई खोटं..."

"थांबा. उम्म इली, कुणाचे पाच?"

"कुणाचे म्हणजे काय? माझे! चर्चचे! सरकारचं घड्याळ घालायला मी काय वेडी आहे?"

चर्चचे पाच म्हणजे आमचे चार. चार ते पावणेपाच माझा साहेब त्या बाईच्या शिव्या खात टाकीमागे उभा होता. तिने सोडलं तेव्हा सभेसाठी आलेले दोन प्राध्यापक जिन्यात भेटले आणि तिघं मिळून खाली गेले. पाहिलंत? पापानेच वाचवला बिचाऱ्याला.

सुटकेच्या आनंदात उस्ताजांनी कागदांची फाइल माझ्या हातात कोंबली. "हे बघा, सकाळीच सगळ्यांकडून लिहून घेतलं. पाच वाजता सभा सुरू झाली, पावणेसहाला संपली. मी तेच लिहिलंय, अबूनानेही तेच लिहिलंय. मिनिटाला मिनिट जुळतं."

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. खरंच जुळत होते. आणि तिथेच माशी शिंकली.

५

त्या दुपारी मी ग्रंथालयाचं दार लावून बसले आणि स्वतःसाठी कॉफी केली. विचार करायला लागते.

अबूना सिमआन नव्या वेळेतला माणूस. सभा त्यांच्या घड्याळात सहाला सुरू झाली. सहाच लिहायला हवं होतं. देवापुढेही जुनी वेळ सांगणार नाही म्हणणारा माणूस दुसऱ्याच दिवशी, कुणी न सांगता, उस्ताजांच्या तासात लिहितो? दोन वेगळ्या घड्याळांत जगणाऱ्या दोघांची उत्तरं जुळत असतील, तर कुणीतरी एकाने आपलं घड्याळ लपवलेलं असतं.

खात्री करून घ्यावी म्हणून मी सभेचा हजेरीचा कागद मागवला. सोमवारी संध्याकाळी भरलेला. अबूनांची सही, आणि शेजारी, उस्ताजांना डिवचायला म्हणून दुप्पट मोठ्या अक्षरांत: सहा वाजून पाच मिनिटं. सोमवारी मिरवलेले सहा मंगळवारी पाच कसे झाले?

सभेची सूचना मला आठवत होती. फळ्यावर नुसतं "संध्याकाळी पाच" होतं. कुणाचे पाच ते नव्हतं. अबूनांसारखा हट्टी माणूस आपल्याच पाचला येणार. म्हणजे आमच्या चारला. येऊन पाहतो तर सभागृह रिकामं, फाटकावर कुणी नाही, आणि एक तास काढायचाय. ईस्टरआधीचा उपास चालू असला तरी त्यांचा उपास दुपारी बारापर्यंतच असतो. कॉफी चालते.

हे लपवायलाच त्यांनी सहाचे पाच केले. "मी सहाला पोचलो" असं लिहिलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, अबूना, सूचनेत पाच होते, मग तुमच्या पाचला तुम्ही कुठे होता?

पण का? अबूनांनी पाकिटाचं करायचं काय? विकणारा माणूस नव्हता तो.

संध्याकाळी लमीस आली. डोळे सुजलेले.

"तुला कुणाचा संशय येतो?" मी विचारलं.

तिने बोटं मोडली. "उस्ताज मुनीफ. झेरॉक्ससाठी इतके हटून का बसले? रबीअ, पण तो नसावा. अम्मो तौफीकला कुणी पैसे चारले असतील. आणि रागावू नका, दुपारी तुमच्यावरसुद्धा घेतला."

"बरोबर केलंस. आणखी कुणी?"

"आणखी कोण आहे?"

 ज्याच्याशी दोन वर्षं रोज खडाजंगी व्हायची, त्या माणसाचं नाव तिच्या यादीत नव्हतं. राखणदार होता, मी होते, ते नव्हते. सोमवारी झेरॉक्सचं ऐकून सगळा वर्ग बोलला होता, आणि एकच माणूस, जो घड्याळाच्या काट्यावरूनही भांडतो, तो गप्प बसला होता, तेही मला तेव्हा आठवलं. 

६

बुधवारी सकाळी अबूना सिमआन पुस्तकं परत करायला आले. मी त्यांच्यासमोर कप ठेवला.

"अबूना, सोमवारची कॉफी कशी झाली होती?"

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 

"वेलची जास्त पडली," ते म्हणाले.

मी दार लावून घेतलं. "अकरांतले तुम्ही कितवे?"

"सातवा." ते खुर्चीत टेकले. "तिने मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं, वर्गात तुमच्याशी भांडत जाईन, म्हणजे कुणी आपला संबंध जोडणार नाही. अप्रतिम भांडते पोरगी. कधी कधी मीही विसरून जायचो."

"तिला माहीत आहे तुम्ही घेतलंय?"

"नाही. गुरुवारी तिला शपथेवर विचारतील. मग तिला कसं सांगू?" त्यांनी झग्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मोहर अभंग होती. "मी चोरी करायला आलो नव्हतो, सित्. नेहमीसारखा मूर्खासारखा लवकर आलो, किल्ली दिसली, म्हटलं बसू. समोर तुमचं कपाट. तीन झेरॉक्स, तीन परीक्षक, त्यांचे चिटणीस, त्यांचे भाचे. पुढच्या आठवड्यात मला पलीकडे जायचंय. दोघा भावांना सोडवून आणायचंय, त्यांना पळवून सतरा महिने झाले. माझं नाव फुटलं, तर पलीकडचा शेख माझ्याआधी मरेल. तो या यादीत तिसरा आहे."

"मग जाळलं का नाहीत?"

"यात माझं एक नाव आहे, दहा दुसऱ्यांची. आणि त्या मुलीची दोन वर्षं आहेत. माझं घर जाळायचा मला हक्क, आळीचं नाही." त्यांनी डोळे पुसले, न लपवता. "दोन रात्री झोप नाही. तो नबातियेचा पोरगा माझ्यापायी चोर ठरतोय. मी आत्ता उस्ताजकडे जातो आणि कबूल करतो."

"बसा," मी म्हटलं. "कबूल केलंत तर उस्ताज पहिला प्रश्न काय विचारतील?"

"का घेतलं."

"आणि त्याचं उत्तर?"

 त्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजेच सातवं नाव होतं. खोटं उत्तर दिलं असतं तर कुणी मानलं नसतं, शोधत बसले असते, आणि शोधणाऱ्याला आज ना उद्या सापडलंच असतं. मला सापडलं तसं. एका ग्रंथपाल बाईला एक दिवस लागला, मग हेरखात्याला किती लागेल?

आणि पाकीट गुपचूप कपाटात परत ठेवलं, तर उद्या झेरॉक्स.

मी पाकीट उचललं. हलकं होतं. मागच्या खोलीत जाऊन शेगडी पेटवली.

"सित् मुन्तहा! तिचा प्रबंध?"

"केंद्राच्या हातून गेलं तर शपथ पुरते. नियम मीच टाइप केलाय."

"केंद्राच्या हातून म्हणजे कुणाच्या?"

मी पाकीट ज्योतीवर धरलं. लाख आधी वितळली, मग खाकी कागदाने कडेने पेट घेतला. आतली घडी काळी होताना तिच्यावरचं एक अक्षरही मी वाचलं नाही, हे देवाच्या समोर सांगेन, तो म्हणेल त्या वेळेत.

७

बुधवारी संध्याकाळी मी उस्ताज मुनीफांना लिहून दिलं. सोमवारी कपाट आवरताना काढलेली रद्दी मी शेगडीवर जाळली, त्यात ते पाकीट चुकून जळालं, चारला पाहिल्याचा मला भास झाला असावा. जळलेल्या लाखेचा गोळा सोबत जोडला. त्या अख्ख्या कागदात पाकीट मी जाळलं हे खरं होतं, बाकी सगळं खोटं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. "तुम्ही? एकोणतीस वर्षांत...?"

"वय झालं, उस्ताज."

"तुमच्या पेन्शनला एक वर्ष राहिलंय. हे मला वरती पाठवावं लागेल. तुम्हाला ठेवता येणार नाही."

"माहीत आहे. रबीअची माफी तेवढी माझ्यासमोर मागा."

मागितली. मनापासून मागितली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. रबीअ रडला. मला जायची वेळ झाली तेव्हा मात्र तो एवढंच म्हणाला, की कपाबद्दल मी कुणाला बोललो नाहीये आणि बोलणारही नाही. हुशार मुलगा आहे. पीएच.डी. करेल.

लमीसला मी स्वतः सांगितलं. तिला जितकं हायसं वाटलं, तितकीच ती भडकली.

"रद्दी? माझी अकरा माणसं तुम्ही रद्दीत घातलीत? मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता, सित् मुन्तहा!"

खरं काय ते जिभेवर आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिला शपथ घ्यायची होती, आणि शपथेवर खोटं बोलणारी पोर ती नव्हती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नंतर ती जिन्यात भेटली तेव्हा तोंड फिरवून गेली.

बुधवारी मध्यरात्री सगळ्या देशाने घड्याळं पुढे केली आणि गुरुवारी परीक्षेला झाडून सगळे वेळेवर आले. ट्युनिसहून आलेल्या परीक्षकबाई मध्ये बसल्या होत्या. अबूना सिमआन मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. मी दाराशी, किल्ल्यांचा जुडगा सोपवायला आलेली.

दोन तास प्रश्न चालले. लमीसने सुंदर उत्तरं दिली. धर्म माणसं तोडतो की जोडतो, असं त्या बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, की मला ते माहीत नाही, मी फक्त अकरा माणसं पाहिलीत. मग बाईंनी चष्मा काढला, नियमाचं पान उघडलं आणि तिला कुराणावर हात ठेवायला सांगितलं.

"या मुलाखती खऱ्या आहेत?"

"खऱ्या आहेत."

"नावांचा कागद नष्ट झाला, दुसऱ्या कुणाच्याही हाती पडलेला नाही, याची तुला खात्री आहे? शपथेवर सांग. त्या अकरा जणांचा जीव तुझ्या उत्तरावर आहे, हे लक्षात घेऊन सांग."

"आहे."

"कशावरून? तू जळताना पाहिलं नाहीस."

लमीस वळली आणि दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. रागावलेलीच होती अजून. 

"सित् मुन्तहा म्हणतात जळाला," ती म्हणाली. "त्यांनी माझं वाटोळं केलं असेल, पण त्या खोटं बोलत नाहीत."

परीक्षकबाईंनी मान हलवली आणि सही केली.

एकोणतीस वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मला रडू फुटलं, काही केल्या आवरेना. उस्ताज मुनीफांनी मला खुर्ची दिली. सगळ्यांना वाटलं, नोकरी गेली म्हणून म्हातारी रडतेय.